मुनियाचा कडा

आमच्या डोंगराच्या पश्चिमेला जो कडा आहे, त्याच्या इंग्रजी पाटीवर ‘मून्या पॉइंट’ असं लिहिलंय. पाहुण्यांना वाटतं, इथून चंद्र छान दिसत असेल. घोडेवाले ढेबेमामा हसतात. “चंद्राचा काही संबंध नाही. ते एका पोरीचं नाव. बसा, सांगतो.”

गोऱ्यांच्या अमदानीत इथे एका इंजिनिअर साहेबाचा बंगला होता म्हणे. त्याची मडम बाळंतपणात गेली आणि तान्ह्या मुलीला सुखिया आयाने वाढवलं. सुखिया कानपूरकडची, विधवा, मागेपुढे कुणी नसलेली. मुलीचं नाव एडिथ, पण सुखिया तिला मुनिया म्हणायची. मुनिया म्हणजे चिमणीहून लहान असं एक पाखरू. तिच्या मुलखात लाडक्या लेकीलाही हीच हाक मारतात. पोरगी तेवढ्या एकाच नावाला ओ द्यायची.

सातव्या वर्षी साहेबाने तिला विलायतेला शिकायला पाठवायचं ठरवलं. सुखियाने पाय धरले, “मलाही न्या, साहेब.”

“तिथे आयाचं काय काम?” साहेब म्हणाला.

टांगा घाट उतरू लागला तशी सुखिया या कड्यावर धावत आली. “मुनियाऽऽ!” खालून ओ आली. वळणावळणाला हाक, वळणावळणाला ओ. मग टांगा झाडीत शिरला आणि खालचा आवाज थांबला.

पुढे साहेबही विलायतेला गेला, पण सुखिया आपल्या मुलखाला परतली नाही. रोज संध्याकाळी कड्यावर यायची, हाक मारायची, कान देऊन उभी राहायची. त्यातच केस पिकले, डोळे गेले.

आणि एका संध्याकाळी एक गोरी बाई आपल्या छोट्या मुलीला घेऊन कड्यावर आली. बाई लहानपणीची सगळी भाषा विसरली होती, असं सांगतात. एक शब्द तेवढा उरला होता. विलायतेत त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, तरी लेकीचं नाव तिने तेच ठेवलं होतं.

सुखियाने नेहमीसारखी हाक मारली. आपलं नाव ऐकून छोटीने ओ दिली आणि ती धावत गेली. म्हातारीने तिचा चेहरा चाचपला. “आ गई मुनिया? इतनी देर लगा दी?”

बाई दोन पावलांवर उभी होती. त्याच हातांसाठी ती समुद्र ओलांडून आली होती. पण छोटीला तिने म्हातारीच्या कुशीत राहू दिलं.

आजही या कड्यावरून कुणी लांब गेलेल्या माणसाला हाक मारली, तर शेजारी जो कुणी असेल, ओळखीचा असो वा नसो, तो ओ देतो.