हजार घरे आणि एक पारखी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या काळच्या भिंतींची आता माती झाली आहे आणि त्या मातीवर झाडे उभी आहेत.

समुद्राकाठी एक राज्य होते. तिथे वर्षातले निम्मेअधिक दिवस पाऊस आणि उरलेले दिवस दमट वारा. बरणीतल्या मिठाला पाणी सुटे. दोरीवरचे धोतर चार दिवस ओलेच राही. अशा हवेत चुन्यात बांधलेली भिंत वरून कोरडी दिसते, पण तिचे पोट ओले असते. तिच्यावर घाईने माळा चढवला, की ती आधी फुगते आणि मग बसते.

म्हणून तिथे एक रीत होती. माळा चढवण्याआधी राजाचा भिंतपारखी येई. चुलीतली कोरडी राख तो मूठभर घेऊन भिंतीवर फेकी. तांब्याभर पाणी सावकाश पिऊन होईल इतका वेळ थांबे आणि मग भिंतीवर थाप मारी. राख झडली, तर भिंत वाळलेली. राख चिकटून राहिली, तर घरधन्याने थांबायचे.

पारखी एकच होता. पूर्वी तेवढा पुरे. वर्षाकाठी घरे उठत ती हाताच्या बोटांवर मोजता येत.

पुढे राजाने नवे बंदर बांधले. गलबते आली, माल आला, मालामागून माणसे आली. ज्याला त्याला माळ्याचे घर हवे झाले. त्यात राजज्योतिष्याने सांगितले, की या साली घरभरणीला एकच चांगला मुहूर्त आहे. झाले! सगळे नगर त्या एका दिवसामागे धावू लागले.

पारखी पन्नाशीला टेकलेला, सरळ माणूस होता. राखेची झोळी खांद्याला अडकवून सकाळी निघे, तो दिवेलागणीला परते. बहुतेक भिंतींना त्याला 'नाही' म्हणावे लागे, आणि प्रत्येक 'नाही'मागे एक भांडण असे.

"आले राख फासायला!" गवंडी ओरडत. "बुवा, ती भिंतीला फासता त्यापेक्षा अंगाला फासा आणि रानात जाऊन बसा. तुम्हालाही सुख, आम्हालाही."

एक व्यापारी म्हणाला, "भिंत माझी, डोकं माझं. पडली तर माझ्या डोक्यावर पडेल. तुमचं काय जातं?"

"शेटजी, भिंतीपलीकडे शेजारी झोपतात," पारखी म्हणाला. पूर्वी हे तो बसून समजावून सांगत असे. आताशा नुसते म्हणे आणि पुढे चालू लागे.

एकदा बायको त्याला म्हणाली, "अहो, झोपेत तुमचा हात हलतो. राख फेकल्यासारखा."

"झोपेतलं सोड," तो म्हणाला. "जागेपणी फेकलेली राख मी नीट पाहिली की नाही, तेच आठवेनासं झालंय."

शेवटी तो दिवाणांकडे गेला. "आणखी चार पारखी द्या, दिवाणसाहेब. हे आता एकट्याचं काम राहिलं नाही."

दिवाणांनी कळवळून मान हलवली आणि काही दिवसांनी त्याच्या दारी एक घोडा पाठवला. "याच्यामुळे भराभर उरकेल," असा निरोप होता.

घोडा गुणी होता. पण घोड्यामुळे भिंत लवकर वाळत नाही, आणि राखेकडे बघत थांबायचा वेळही कमी होत नाही. पारखी दुप्पट दारे गाठू लागला आणि दुप्पट दमू लागला.

नगराच्या कडेला एक तेलीण घर बांधत होती. ती, तिचा नवरा आणि म्हातारा सासरा झावळ्यांच्या खोपटात राहत. जमिनीच्या ओलीने सासऱ्याची छाती भरून येई. त्याला माळ्यावरची कोरडी खोली मिळावी, एवढ्यासाठी तिचा सारा खटाटोप चालला होता. पारखी दोनदा तिथे येऊन 'नाही' म्हणून गेला होता. दोन्ही वेळा ती म्हणाली, "तुम्ही हो म्हणाल तेव्हाच माळा चढेल, काका. घर उशिरा झालं तरी चालेल, उभं राहिलं पाहिजे."

म्हातारा खोकत हसे. "पारखीबुवा, मी आणि ही भिंत. बघू, आधी कोण वाळतं!"

मुहूर्त जवळ आला तसा पारखी तिसऱ्यांदा तिथे पोचला. दिवसभर त्याने शिव्याच खाल्ल्या होत्या. इथे शिव्या नव्हत्या. तेलिणीने बसायला पाट दिला, हातात तांब्या दिला. त्याने राख फेकली आणि पाणी घटाघट संपवले. घटकाभर डोळे मिटून बसावे असे त्याला फार वाटले, पण अजून दोन आळ्या उरल्या होत्या. त्याने उठून भिंतीवर थाप मारली. थोडी राख खाली पडली. पडली ती त्याने पाहिली. चिकटून राहिली ती पाहायला तो थांबला नाही.

"चढवा माळा," तो म्हणाला.

तेलिणीने वाकून नमस्कार केला.

घरभरणीच्या दिवशी अंगणात पंगत बसली. मान म्हणून सासऱ्याला सगळ्यांच्या आधी माळ्यावर नेऊन निजवले होते. भात वाढून होतो न होतो तोच भिंत फुगली आणि बसली. फार मोठा आवाजही झाला नाही. अंगणातली माणसे वाचली. म्हातारा गेला.

पारखी धावत आला. तेलीण त्याला एक शब्द वेडावाकडा बोलली नाही. एवढेच म्हणाली, "काका, आम्ही भिंतीच्या भरवशावर माळा नव्हता चढवला. तुमच्या भरवशावर चढवला होता."

दरबारात राजाने विचारले, "चूक कोणाची?"

"माझी," पारखी म्हणाला. "मी थांबलो नाही. द्याल ती शिक्षा मान्य आहे. पण महाराज, नवा पारखी नेमाल तेव्हा एवढं ठरवा, की एका माणसाचे डोळे किती भिंतींना पुरतात."

"चूक करून वर आम्हालाच शिकवतोस?" राजा म्हणाला, आणि त्याने त्याला कामावरून काढले.

पारखी घरी जाऊन झोपला तो दुसऱ्या दिवशी उन्हे वर येईपर्यंत उठला नाही. इतकी गाढ झोप त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती. जागा झाला, आणि आपण इतके छान झोपलो याचीच त्याला लाज वाटून तो रडला.

राजाने त्याच्या जागी दुसरा पारखी नेमला. तोही एकच. तरणा होता, तरी पाऊस सरायच्या आत तोही थकला. मग 'डोकं माझं' म्हणणाऱ्या त्या व्यापाऱ्याची भिंत पडली, ती शेजाऱ्यांच्या निजत्या पोरांवर.

तेव्हा कुठे राजाने जुन्या पारख्याला बोलावून त्याचाच प्रश्न त्याला विचारला. कायदा झाला, की जेवढ्या भिंती पारखून होतील तेवढ्याच वर्षात उठतील. कित्येक घरे झावळ्या पांघरून अर्धवट उभी राहिली. काही व्यापारी चिडून दुसऱ्या बंदराला गेले. आणखी पारखी नेमले गेले, आणि जुना पारखी त्यांना शिकवू लागला. पहिल्या दिवशी तो राखेला हातही लावू देत नसे. म्हणे, "आधी हे शिका. दमलात की 'उद्या येतो' म्हणायचं, आणि घरी जायचं."

तेलीण त्याला पुन्हा कधी भेटली नाही. तिने भेटावे, अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

बोध एवढाच: जिथे बांधणारे हजार आणि पारखणारा एक, तिथे भिंतीच्या आधी पारखणारा खचतो.