गोधड्यांतला षड्ज

“मागून कोण गातंय?” पद्माकरबुवांनी हेडफोनचा एक कान उचलून विचारलं.

“मीच, बुवा. पुढूनही मी, मागूनही मी.”

“मागची जास्त बरी गाते.”

हेमांगीने ओठ चावला. रेकॉर्डिंग संध्याकाळच्या आत संगीत महोत्सवाच्या समितीकडे जायला हवं होतं, आणि गुरूच्या होकाराशिवाय समिती कोणाचंच घेत नसे.

“तो रिव्हर्ब आहे. कृत्रिम घुमारा. प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय.”

“करतो काय?”

“मी गायलेलं पुन्हा पुन्हा म्हणतो. दर खेपेला थोडं क्षीण, थोडं पुसट.”

“असे शिष्य माझ्याकडे पुष्कळ आहेत.”

“बुवा!”

बुवांनी खोलीभर नजर फिरवली. चारही भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. खिडकीवरसुद्धा.

“आणि हे?”

“खोलीचा स्वतःचा आवाज आधी मारायचा. मग हव्या त्या जागेचा घुमारा वर चढवायचा. आत्ता ऐकलात तो दगडी सभामंडप.”

“खोलीने काय घोडं मारलं होतं?”

“मग तुम्ही रोज जिन्यात उभं राहून का गाता? आवाज घुमतो म्हणूनच ना? तेवढं बरं चालतं!”

बुवा ओशाळले. हे त्यांना आजवर कोणी तोंडावर विचारलं नव्हतं.

“...बंद कर तो मंडप.”

तिने केला. गाणं कोरडं ठाक झालं. शेवटचा षड्ज लागला आणि मध्येच तुटला.

“सा कुठे गेला?”

“तो... पुढे मंडप धरतो.”

“आणि तू?”

गाताना हेमांगीच्या कानात घुमारा वाजत होता. तो सांभाळून घेईल म्हणून तिने सा खरंच अर्ध्यावर सोडला होता.

“नाही म्हणायचंय ना? मग म्हणा एकदाचं! आज शेवटचा दिवस आहे.”

बुवांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. तानपुऱ्याकडे बोट दाखवलं.

तिने रेकॉर्डिंगचं बटण दणकन दाबलं. रागातच तानपुरा घेतला, रागातच गायली. शेवटचा सा धरला... श्वास संपेपर्यंत, कानशिलं लाल होईपर्यंत. गोधड्यांनी तो तिथल्या तिथे गिळला. तिने तारांवर हात ठेवला. खोली मुकी झाली.

बुवांचे डोळे मिटलेले.

“हो की नाही?”

...

“बुवा, झोपलात का?”

“श्श... अजून ऐकू येतोय.”