ठेकेदाराचा माल

सन १९११, कार्तिक महिना, थंडी नुकती पडू लागली होती. उरणचे पोशा नाखवा मुंबईच्या एका गोदीत मिठाचा मचवा रिकामा करत होते. तेवढ्यात दोर तुटला आणि त्यांचा नांगर पाण्यात गेला.

गोदीतला गाळ काढण्याचा ठेका त्रिंबकरावांकडे होता. त्यांच्या माणसांनी नांगर वर काढला आणि त्रिंबकरावांनी तो ठेवून घेतला.

"रावसाहेब, नांगर माझा आहे," नाखवा म्हणाले. "संध्याकाळच्या भरतीला गोदीचे दरवाजे उघडतील. नांगराशिवाय मी समुद्रात कसा जाऊ?"

"ते दर्याला विचार. गोदीत पडेल ते ठेकेदाराचं, असा करार आहे."

एवढं बोलून त्रिंबकराव ऐटीत वळले. धक्क्याच्या कडेला शेवाळ होतं. पाय सटकला आणि स्वारी पागोट्यासकट पाण्यात गेली. भिंतीची साखळी हाती लागली म्हणून तरले.

"नाखवा, दोर टाक."

नाखवांनी दोर उचलला आणि परत खाली ठेवला.

"कसा टाकू? गोदीत पडलेलं ठेकेदाराचं. दुसऱ्याच्या मालाला मी हात लावत नाही."

"अरे, ठेकेदार मीच!"

"मग माल मालकाच्याच ताब्यात आहे. तक्रार कसली?"

धक्क्यावरचे हमाल पोट धरून हसले. पाणी गार होतं.

"ने बाबा तुझा नांगर," त्रिंबकराव कुडकुडत म्हणाले.

नाखवांनी त्यांना वर ओढलं आणि आपलं कोरडं धोतर नेसायला दिलं.

भरतीला दरवाजे उघडले तेव्हा नांगर मचव्यावर होता. पुढच्या खेपेला धोतर धुऊन, घडी घालून परत आलं.