दुर्वीचे मिठाचे पाय

एक होता राजा, आणि त्याला फारसं काही कळत नव्हतं. त्याच्या राज्यात जिकडेतिकडे मिठागरं. बायका दिवसभर उन्हात मीठ ओढायच्या. त्यांची पोरं ठेवायला राजानं खाडीच्या बांधावर एक खोप बांधली. पोरं सांभाळायला गोदाक्का, आणि तिच्या जोडीला तानी.

खोपीत नियम एकच. रडायचं नाही.

"माझ्या खोपीत आवाज नाही," गोदाक्का मिरवायची. आणि खरंच नव्हता, बरं का. कोपऱ्यात केरू नावाचा मुलगा बसलेला असायचा. पांढरा, गार, डोक्यापासून पायापर्यंत मिठाचा. रडू गिळून गिळून तसा झालेला. त्याची आई रोज त्याच्यापुढे भाकरी ठेवायची, आणि संध्याकाळी तीच भाकरी परत न्यायची. गोदाक्का म्हणायची, "किती शहाणं पोर."

एकदा काय झालं, तिथं दुर्वी आली. नुकती चालायला, बोलायला लागलेली. आई निघाली तसा तिनं पदर धरला. गोदाक्का म्हणाली, "दुर्वे, तो बघ बगळा." दुर्वीनं मान वळवली, आणि तेवढ्यात आई निघून गेली. तिथली रीतच होती ती. पोराची नजर चुकवून जायचं.

दुर्वी वळली तर आई नाही. मग तिनं टाहो फोडला.

"गप्प. नाहीतर खाडीतला बुवा नेईल," गोदाक्का म्हणाली. दुर्वीनं हुंदका गिळला. तिची पावलं पांढरी झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बगळा, पुन्हा टाहो. मग गोदाक्कानं तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. गुळाबरोबर हुंदकाही आत गेला. गुडघे मिठाचे झाले.

तिसऱ्या दिवशी दुर्वीनं बगळ्याकडे बघितलंच नाही. दोन्ही मुठींनी आईला धरलं. मग गोदाक्कानं एकेक बोट सोडवलं आणि बाकीच्या पोरांना म्हणाली, "हसा रे या रडूबाईला." पोरं हसली. दुर्वी कमरेपर्यंत पांढरी झाली.

मीठ छातीशी पोचलं की पोर केरूसारखी होणार. तानीला ते दिसत होतं.

"अक्का, पोर मिठाची होतेय."

"होऊ दे. मीही अशीच वाढले. माझं काही बिघडलं?"

तानीनं गोदाक्काच्या हाताला हात लावला. हात गार होता आणि खरखरीत.

"बिघडलं," तानी म्हणाली.

मग ती दुर्वीसमोर जमिनीवर बसली. "आई गेली," ती म्हणाली. "तुला न सांगता गेली. राग आलाय तुला."

दुर्वीनं तिला चापट मारली. तानीनं तो हात हलकेच धरला. "मारायचं नाही, दुखतं मला. रड तू. मी कुठं जात नाही."

मग दुर्वी रडली. अगं बाई, काय रडली. गोदाक्कानं कान झाकून घेतले. डोळ्यांतलं पाणी पोटावर, पोटावरून गुडघ्यांवर, आणि जिथं पोचेल तिथलं मीठ विरघळत गेलं. उन्हं कलेपर्यंत पावलं पुन्हा मऊ झाली.

संध्याकाळी तानीनं दुर्वीच्या आईला गाठलं. "उद्या सांगून जा."

"रडेल ना ती."

"रडेलच. पण तू परत येतेस हे तिला कधी कळणार?"

मग तानी केरूजवळही बसायला लागली. फार दिवस तो हललासुद्धा नाही. मग एकदा त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. गोदाक्का मात्र तशीच राहिली. लहानपणी तिच्याजवळ कुणी बसलं नव्हतं, आणि आता ती कुणाला बसू देत नव्हती.

दुर्वीची आई रोज सकाळी खाली वाकायची. "जाते मी. भरतीच्या आत येते." दुर्वी रडायची. रोज रडायची. मग तानीच्या मांडीवर बसून बांधाकडे बघत राहायची, आणि भरतीच्या आत आई यायची. एवढंच त्यांचं सुख, पण ते त्यांना पुरलं.

झालं. ओढा पांघरुणं. कुणाला रडू येत असेल तर गिळू नका, मला हाक मारा. झोपा आता.