चंद्रीची कास आणि हौसाचा ताप

एका वाडीत एक गवळीण होती, बायजाक्का. तिच्या गोठ्यात नऊ म्हशी. रोज पहाटे ती प्रत्येकीच्या कासेवरून उलटा हात फिरवायची. कुठं गरम लागलं, कुठं गाठ लागली, की तिला लगेच कळायचं. कासेचं दुखणं बायजाक्काच्या हाताला चुकत नाही, असं अख्खी वाडी म्हणायची.

तिची सून हौसा बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली बाळसेदार. सव्वा महिना सरला आणि एका सकाळी हौसाच्या छातीवर लालभडक चट्टा उठला. छाती दगडासारखी घट्ट, बोट लावू देईना. त्यात थंडी वाजून ताप.

बायजाक्कानं हात लावून पाहिलंच नाही. लांबूनच म्हणाली, "नजर लागली गं बाई. दूध नासलं!" मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. हौसाची छाती फडक्यानं करकचून बांधली आणि पोरीला पाजणं बंद केलं. पोर वाटीतलं दूध थुंकून टाहो फोडायची. इकडं ताप चढतच गेला.

दुपारी हौसा कण्हत म्हणाली, "आत्याबाई, मागल्या साली चंद्री म्हशीची कास दगडावली, तेव्हा तिची दृष्ट काढली होती का हो?"

"दृष्ट कशाला? धार काढली, गुरांचा डॉक्टर आणला."

"आणि कास फडक्यानं बांधली होती?"

"येडी का काय तू! बांधली असती तर सडली असती."

"मग माझं नशीब चंद्रीएवढं तरी असू द्या की!"

बायजाक्का चटकन उठली. पुढं झाली, उलटा हात हौसाच्या छातीला लावला. "आगं बया, हा तर विस्तव!" तिनं फडकं सोडून भिरकावलं आणि सुनेला, नातीला घेऊन तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नर्सबाई म्हणाली, "म्हशीची कास अशी सुजली की ते दूध आपण ओतून देतो. पण आईचं बाळाला चालतं, पाजत राहा. पाजून झालं की गार ओलं फडकं ठेवा. छाती रगडू नका. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडू नका."

पोरीला छातीशी धरलं. तिनं मुठी आवळून अशी ओढ घेतली, की हौसा रडता रडता हसली. तिसऱ्या दिवशी ताप पळाला. आठवड्यात छाती मऊ पडली आणि पोर पुन्हा गुबगुबीत दिसू लागली.

तेव्हापासून वाडीत कुणी बाळंत झाली की बायजाक्का दारातूनच गरजते, "नजरेचं मागनं बघू, आधी हात लावून बघा गं!"

तात्पर्य: गोठ्यात चालणारी अक्कल घराच्या उंबऱ्यावर सोडू नये; बाळंतिणीची छाती लाल होऊन दुखली आणि ताप आला, तर नजरेला बोल न लावता बाळाला पाजत राहावं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.