पळीभर विरजणाचं व्याज

भिवरा गवळणीचं विरजण एकदा संपलं, म्हणून तिने इनामदार रायाजीरावांच्या घरून पळीभर मागून आणलं. दिलेलं विरजण कोणी परत मागत नाही. पण पुढे भिवराच्या दह्याला गिऱ्हाईक वाढलं आणि इनामदारांना ती पळी आठवली. त्यांनी थेट दावाच ठोकला. शिपाई समन्स घेऊन दारात उभा राहिला. "कर्ज थकलंय तुझं. उद्या कचेरीत हजर हो, आणि येताना म्हशी घेऊन ये."

भिवरा गेली, पण म्हशी गोठ्यातच ठेवून. तिच्या हातात एक रिकामं गाडगं होतं आणि पळीभर दही.

इनामदार मिशीला पीळ देत न्यायाधीशांना म्हणाले, "आजच्या विरजणातून उद्याचं दही, त्यातून परवाचं. आजवर हिने विकलेलं सगळं दही माझ्याच विरजणाची वाढ आहे. ते व्याज म्हणून हिच्या म्हशी मला मिळाव्यात."

"कबूल," भिवरा म्हणाली. न्यायाधीशही चमकले. तिने पळीतलं दही गाडग्यात टाकलं आणि गाडगं इनामदारांपुढे ठेवलं. "हे घ्या तुमचं विरजण. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी जेवढं वाढलेलं दिसेल, तेवढं व्याज रोज देईन."

इनामदार खेकसले, "खुळी की काय तू? दुधाशिवाय विरजण वाढेल कसं?"

"तेच म्हणते मी, सरकार. दूध माझ्या म्हशींचं होतं."

कचेरीत हशा पिकला. न्यायाधीशांनी हसू दाबत निकाल दिला, "रायाजीराव, गाडगं घरी न्या. ते भरलं की या. म्हशींचं तेव्हा बघू."