डाव्या वळणावरचं तेल

“...मग टाकी किती लिटरची लावू, चाचा? तेवढंच सांगा.”

निनाद शिंत्रे तिसऱ्यांदा विचारत होता.

मीरासाहेब मिस्त्री चिंधीने एकेक बोट पुसत होते. त्यांना घाई नव्हती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, फाउंड्र्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पन्नास वर्षं त्यांनी शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधली. निनाद त्यांच्याच हाताखाली चार वर्षं शिकला. मग इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्याने मोठ्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज काढलं, काचेच्या दाराचं. त्यानंतर शेडाकडे त्याचं येणं झालं नव्हतं.

आज आला होता. टेम्पोत एक बंद पडलेलं इंजिन घालून.

“टाकी कशापायी?” चाचांनी विचारलं.

“तेलाचा दाब जातो म्हणून.”

“का जातोय?”

निनादला हसू आलं. “तुम्हाला काय सांगायचं, चाचा.”

“सांग की. मी सातवी नापास माणूस.”

“लांब वळणावर गाडी जोरात असली की इंजिनाखालच्या चेंबरमधलं तेल एका कडेला चढतं. तेल ओढणारी मधली जाळी उघडी पडते. पंप तेलाऐवजी हवा ओढतो. दाब गेला की बेअरिंग कोरडं चालतं... आणि जाम होतं. रस्त्यावरच्या गाडीला हे होत नाही. ट्रॅकवरच्या गाडीला होतं.”

“बरं.”

“म्हणून बाजूला एक टाकी. त्यात दाबाने भरलेलं तेल. पंपाने हवा ओढली की टाकी तेल सोडणार. आणि तरीही दाब पडलाच, तर इंजिन आपोआप बंद करणारा स्विच.”

“दोन्ही झ्याक हाईत,” चाचा म्हणाले.

निनाद खूश झाला.

“आन् त्यो तेलाचा लाल दिवा? डॅशबोर्डवर असतोय की. त्यो न्हवता?”

“होता...” निनादने इंजिनावरची धूळ झटकली. धूळ नव्हतीच. “पण दिव्याच्या भरवशावर शर्यत कोण करतं, चाचा?”

चाचा उठले आणि त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली. खालचं तेलाचं चेंबर काढलेलं होतं. ते तळाशी उरलेल्या तेलासकट वर्तमानपत्राने झाकून वेगळं ठेवलं होतं. शेजारी एका पुडीत बेअरिंगचे दोन तुकडे होते.

चाचांनी तुकडे तळहातावर घेतले आणि दारातल्या उन्हात नेले. तुकडे काळेनिळे पडले होते, कडेला तांबं उघडं पडलं होतं.

“गाडी कोण चालवत हुतं?”

“शरयू पन्हाळकर. इंद्रजितरावांची गाडी आहे. तिने गिअर चुकवला. चौथ्यातून तिसऱ्याऐवजी एकदम दुसरा टाकला. इंजिन मर्यादेबाहेर फिरलं.”

“तिनं चुकवला.”

“हो. तिने स्वतःच कबूल केलंय सगळ्यांसमोर. मालकांनी तिला गाडीवरनं उतरवलं. पुढच्या रविवारी दुसरा कोणीतरी चालवणार.”

“असं.”

चाचा तुकडे उलटसुलट करून बघत राहिले.

“गिअर असा चुकला की काय वाकतंय रं?”

“...व्हॉल्व्ह.”

“वाकलेत?”

बाहेरून फाउंड्रीचा भोंगा झाला. जेवणाची सुट्टी. निनादने भोंगा पूर्ण संपू दिला.

“नाही.”

“आन् बेअरिंग असं काळं कशानं पडतंय?”

निनादने नजर दाराबाहेर वळवली.

“पदवीत शिकवलं नसंल.”

“तेल न मिळाल्याने,” निनाद म्हणाला.

चाचांनी तुकडे पुन्हा पुडीत बांधले. बांधताना त्यांनी वर पाहिलं नाही, ते निनादला बरं वाटलं.

“खोललंस कवा हे?”

“सोमवारी.”

“समोर कोण हुतं?”



त्या शेडात एक रीत होती. मेलेलं इंजिन ज्याने बांधलं त्यानेच खोलायचं, आणि ज्याने चालवलं त्याला समोर उभं करून खोलायचं. चालवणारा लांब असेल, तर तो येईपर्यंत इंजिन तसंच झाकून ठेवायचं. एकदा एक इंजिन दीड महिना झाकलेलं होतं. चालवणाऱ्याचा पाय मोडला होता, तो काठी टेकत येईपर्यंत चाचांनी त्याला हात लावला नव्हता. निनादने तेव्हा त्यावरची ताडपत्री रोज झटकली होती.

सोमवारी निनादने आपल्या गॅरेजचं शटर ओढून घेतलं होतं, भर दुपारी, आणि इंजिन एकट्याने खोललं होतं.

“लाव परत,” चाचा म्हणाले.

“काय?”

“चेंबर. लाव परत.”

“चाचा, आतलं सगळं गेलंय. क्रँक गेला, रॉड गेला. मेलेल्या इंजिनाला चेंबर लावून काय करू?”

“बेअरिंग त्याच्या जागी बसीव. चेंबर लाव. समदे बोल्ट आवळ. एक बी ढिला नको.”

“चाचा, मी इथे उपाय विचारायला...”

“त्योच सांगतोय.”

निनादने शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या. शर्ट पांढरा होता, खिशावर गॅरेजचं नाव शिवलेलं. तो इंजिनाखाली वाकला. काळे तुकडे जागेवर बसवले. चेंबर चढवलं. अठरा बोल्ट होते. दहाव्या बोल्टापर्यंत त्याला राग येत होता. नंतर त्याच्या हातातून पाना दोनदा निसटला.

“झालं,” तो म्हणाला.

“आता बोलाव तिला.”

“नको, चाचा.”

“का?”

“ती येणार नाही. तिला लाज वाटते. कोणाला तोंड दाखवत नाही ती.”

“तिला लाज वाटतीय,” चाचा म्हणाले आणि स्टुलावर बसले. “...मग नंबर मला दे. मी बोलावतो.”

निनादने स्वतःच फोन लावला.

शरयू अर्ध्या तासात स्कूटरवरून आली. चोविशीची, अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले. दारातच थांबली. इंजिन बघून तिने नजर खाली घातली, जणू घरात कोणी आजारी आहे आणि तिच्यामुळेच आहे.

“ये गं बाय,” चाचा म्हणाले. “आत ये. हितं हुबी ऱ्हा.”

“चाचा, माझ्याच हातानं झालं हो,” ती म्हणाली. “मला आठवतसुद्धा नाही मी दुसरा कसा टाकला. रोज घरी बसून हात फिरवून बघते. चौथा, तिसरा. चौथा, तिसरा. माझा हात दुसऱ्याकडं जातच नाही. पण निनाददादा म्हणतात म्हणजे...”

तिने उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता.

निनादचे कान गरम झाले.

“खोल,” चाचा त्याला म्हणाले.

निनाद पुन्हा इंजिनाखाली वाकला. अठरा बोल्ट. मघाशी आवळलेला प्रत्येक बोल्ट आता सोडवायचा होता, आणि ती दोन पावलांवर उभी होती. बोल्ट डब्यात पडताना आवाज होत होता.

चेंबर निघालं. तळाशी उरलेल्या तेलात बारीक तांबूस चमक होती.

“हे काय आहे?” शरयूने विचारलं.

“बेअरिंगचा चुरा,” निनाद म्हणाला.

“गिअर चुकल्यामुळं?”

निनादच्या हातात चेंबर होतं. ते खाली ठेवलं तर बोलावं लागेल, असं त्याला वाटलं. त्याने ते धरूनच ठेवलं. हात भरून आले. मग चेंबर कललं, आणि तेल कडेवरून त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं.

“नाही,” तो म्हणाला. “तू गिअर चुकवला नाहीस.”

शरयूने चेंबरमधल्या चुऱ्याकडे पाहिलं.

“शनिवारी सरावाच्या वेळी तू मला म्हणालीस, लाल दिवा लुकलुकतोय.”

“हो. तुम्ही म्हणालात, वायर ढिली असेल. दिव्याकडं नको, रस्त्याकडं बघ.”

“हो.”

“मग शर्यतीत दिवा लागलाच नाही. मला वाटलं तुम्ही दुरुस्त केला.”

“मी त्याची वायर काढून टाकली,” निनाद म्हणाला. “तुझं लक्ष जातं म्हणून... नाही. तसं नाही. मी बांधलेल्या इंजिनात खोट असेल, हे मला पटत नव्हतं म्हणून. इंजिन तेलावाचून गेलं, ते मला सोमवारी कळलं. आणि गिअरची गोष्ट मी रविवारीच सांगून बसलो होतो.”

शरयूने उजवा हात सोडला. तो बाजूला लोंबकळत राहिला.

“मी तुम्हाला कितीदा सॉरी म्हटलं, दादा?”

“...तीनदा.”

“चारदा. एकदा तुमच्या घरी येऊन. काकूंच्या समोर.”

निनादची मान खाली गेली. त्याला आठवलं. तो तेव्हा म्हणाला होता, असू दे गं, होतं असं कधीकधी. आईने नंतर त्याचं कौतुक केलं होतं. केवढा मोठ्या मनाचा आहेस, म्हणाली होती.

चाचांनी त्याच्या हातातून चेंबर काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

“मालकाला फोन कर,” ते म्हणाले. “हितंच. मोठ्यानं.”

निनादने फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. सगळं सांगितलं. मधे एकदा आवाज बसला, तेव्हा पहिल्यापासून सांगितलं.



“शिंत्रे,” पलीकडून इंद्रजितराव म्हणाले, “गाडी न्यायला उद्या माणूस येईल. सगळे पार्ट बांधून ठेव. परत माझ्या दारात येऊ नकोस.” मग आवाज बदलला. “शरयू आहे का तिथं? बाळ, चुकलं माझं. पुढच्या रविवारी गाडी तूच चालवायची. दुसरं इंजिन घालतो. येशील ना?”

“येते,” ती म्हणाली.

फोन बंद झाला.

ती निघेल असं निनादला वाटलं. पण चाचांनी चेंबर रिकामं करून चिंधीने पुसलं, खडू घेतला आणि ते तिच्यापुढे सरकवलं.

“बाय, त्यो दिवा कुठल्या वळणावर लागायचा?”

“डाव्या. बाभळी आहेत ना, त्या लांब वळणावर.”

“सुरुवातीला का शेवटाला?”

“शेवटी शेवटी. मी आकडे मोजायचे मनात. एक, दोन, तीन. तीनला विझायचा.”

“उजव्या वळणावर?”

“कधीच नाही.”

“आन् ब्रेक मारल्यावर?”

तिने डोळे मिटले. तिचा उजवा पाय जमिनीवर किंचित दाबला गेला. “...एकदा. इंजिनात तेल जरा कमी होतं त्या दिवशी. बाकी नाही.”

चाचांनी चेंबरच्या उजव्या अंगाला खडूने एक उभी रेघ ओढली. जाळीच्या भोवती चौकोन काढला. चौकोनाच्या उजव्या बाजूला एक छोटी झडप दाखवली, आतल्या अंगाला उघडणारी, तेल आत येईल पण परत जाणार नाही अशी.

निनाद बघत होता. टाकी नव्हती. स्विच नव्हता. पत्र्याचे चार तुकडे आणि एक बिजागरी.

त्याच्या लॅपटॉपमध्ये त्या चेंबरची अकरा चित्रं होती. दिवा कोणत्या वळणावर लागतो, हे एकातही नव्हतं.

“ह्यावर टाकी बी लाव, स्विच बी लाव,” चाचा त्याला म्हणाले. “वाईट न्हाईत. आन् पहिला दिवा लाव.”

“गाडीच गेली, चाचा.”

“इंजिनं येतील की दुसरी. का बांधायचं सोडणार हाईस?”



शरयूने पर्स खांद्याला अडकवली. चाचांच्या पायाला हात लावला. मग ती निनादच्या समोर येऊन उभी राहिली.

तो वाट बघत राहिला. ओरडली असती, तर त्याने ऐकून घेतलं असतं. माफ केलं म्हणाली असती, तर तेही. तिने त्याच्या शर्टावरचा तेलाचा डाग पाहिला, मग त्याचा चेहरा पाहिला, नीट, जसं सरावाआधी ती टायरकडे बघायची. ओठ एकदा उघडले. मिटले.

ती गेली. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत आवाज येत राहिला.

निनाद तसाच उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. तेलाचा हात होता, गालावर काळं लागलं.

“ती काहीच बोलली नाही, चाचा.”

मीरासाहेब मिस्त्री खडूचे हात झटकत होते.

“व्हय,” ते म्हणाले. “शनिवारी बोलली तवा न्हाई ऐकलंस. पण आज तू ऐकलंस.”